‘व्हॉल्व्ह आहे, चालायचंच’: घरगुती हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरची समीक्षा

(बोईसर इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



समीक्षा म्हटलं की आपल्याला पुस्तक आठवतं, नाटक आठवतं, फार तर एखादी मैफल. घरी जुळवलेल्या यंत्राची समीक्षा कुणी करत नाही. त्याचं एक तर कौतुक होतं, ‘अरे वा, स्वतः केलंस?’, नाही तर ‘वाजतंय ना, मग झालं’ म्हणून विषय संपतो. माझं म्हणणं असं आहे की ज्यावर माणसानं आपल्या रात्री घालवल्या, त्या वस्तूबद्दल कुणीतरी नीट बोललं पाहिजे. बरं काय आहे, कच्चं काय आहे, आणि कुठल्या मापानं आपण हे ठरवतोय.

या टेबलावर तीन हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर आहेत. तिन्ही व्हॉल्व्हचे, तिन्ही पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या लोकांनी घरी केलेले. करणारे इथेच बसलेत. त्यांच्या परवानगीनं, पण नावं न घेता बोलणार आहे. त्यांनी एकच अट घातली, उगाच गोड बोलायचं नाही. ती पाळतो.

आधी एवढं बघू, की हे वेड आपल्याकडे का रुजावं? याला साधी कारणं आहेत. इथली निम्मी घरं पाळ्यांवर चालतात. माणूस रात्रपाळीहून सकाळी घरी येतो किंवा मध्यरात्री जागा असतो, आणि घर झोपलेलं असतं. स्पीकर लावता येत नाही. शिवाय रोज विरारकडे, पुढे मुंबईला जाणारा माणूस दोन-दोन तास कानात काहीतरी घालूनच बसतो. कानाला ऐकायची सवय लागली की चांगलं ऐकावंसं वाटतं. आणि तिसरं कारण पैशाचं. व्हॉल्व्हवर स्पीकर चालवायचा तर चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि सगळ्यात महाग भाग तोच. हेडफोनला लागतात काही मिलिवॉट. तो ट्रान्सफॉर्मर टाळता येतो. म्हणजे व्हॉल्व्हच्या घरात शिरायचा हा सगळ्यात स्वस्त दरवाजा आहे.

आता ज्यांनी व्हॉल्व्ह उघड्यावर कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली. मध्ये तापणारा कॅथोड, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाजूला प्लेट, तिच्यावर धन व्होल्टेज, ती त्यांना ओढते. एवढं १९०४ साली फ्लेमिंगनं केलं. पुढे १९०६ च्या सुमारास ली द फॉरेस्टनं दोघांच्या मध्ये एक जाळी घातली, ती ग्रिड. ग्रिडवरचं व्होल्टेज थोडंसं हललं की पलीकडे जाणारा प्रवाह पुष्कळ हलतो. झालं, हाच अ‍ॅम्प्लिफायर. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे बीईएलमध्ये, १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले. आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र व्यावसायिक पातळीवर वीज देऊ लागलं तेव्हा आपल्या पुष्कळ घरांतल्या रेडिओत हेच व्हॉल्व्ह तापत होते. लावल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, मग आवाज. ते थांबणं म्हणजे कॅथोड तापणं.

आता मुद्द्यावर येतो. या यंत्रांबद्दल बोलताना सगळे एकच शब्द वापरतात: ऊब. ‘व्हॉल्व्हचा आवाज उबदार असतो.’ समीक्षकाचं पहिलं काम असतं अशा शब्दाला थांबवून विचारायचं, बाबा रे, तू नक्की कशाचं नाव आहेस?

बघा, एका ट्रायोड व्हॉल्व्हमधून स्वर गेला की तो जसाच्या तसा बाहेर येत नाही. त्यात थोडी भर पडते, आणि ती मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची असते. म्हणजे तुम्ही षड्ज आत पाठवला, तर बाहेर षड्ज आणि त्याच्या सोबत अगदी बारीक तार षड्ज. तिप्पट आला तर तो तार सप्तकातला पंचम. पाचपट आला तर त्याच्याही वरचा गंधार. आता तंबोरा आठवा. जवारी नीट लागली की तंबोऱ्यातून काय ऐकू येतं? हेच. तार षड्ज, पंचम, आणि न छेडता येणारा तो स्वयंभू गंधार. म्हणजे व्हॉल्व्ह जी भेसळ करतो ती आपल्या संगीतात आधीपासून असलेल्या वस्तूंचीच भेसळ आहे. दुधात पाणी घातलं तर कळतं, दुधात दूध घातलं तर कोण तक्रार करणार? (हशा)

आणखी एक गंमत आहे. दोन स्वर एकत्र गेले की व्हॉल्व्ह त्यांची बेरीज आणि वजाबाकीही तयार करतो. काळी एकचा षड्ज घ्या, सुमारे १३८.६ हर्ट्झ. त्याचा पंचम सुमारे २०८. वजाबाकी करा. साधारण ६९. हा कोण? खर्जाचा षड्ज! तंबोऱ्याची चौथी तार. म्हणजे ख्याल ऐकताना खालून कुणीतरी आधार धरल्यासारखं वाटतं ना, त्यात थोडा वाटा या वजाबाकीचा असू शकतो. ऊब या शब्दाचा एक अर्थ मला इथे सापडतो, आणि तो खोटा नाही.

पण हे सगळं गोड लागतं ते स्वर एकमेकांशी साध्या प्रमाणात असतात तेव्हा. म्हणून माझी विनंती असते, यंत्राची परीक्षा फक्त ख्यालावर घेऊ नका. आपल्या जिल्ह्यातच दुसरी परीक्षा आहे, तारपा. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. एका नळीचा धरलेला सूर, दुसरीवर चाल, दोन्हीकडे जिभल्यांचा दाट आवाज, आणि मध्ये श्वासाची जागा नाही. या आवाजात आधीच इतकं काही भरलेलं असतं की यंत्रानं स्वतःची बेरीज-वजाबाकी घातली की गाळ होतो. ख्याल यंत्राला सांभाळून घेतो, तारपा घेत नाही. तिन्ही यंत्रांवर मी दोन्ही ऐकलं. त्यावरून पुढचं बोलतो.

पहिलं यंत्र. हा तयार बोर्ड आहे, बाहेरून मागवलेला, खोका मात्र घरी केलेला. एक १२एयू७ व्हॉल्व्ह, पुढे दोन मॉसफेट, आणि सगळं २४ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर. दिवे बंद केले की व्हॉल्व्ह नारिंगी चमकतो. सुंदर दिसतो. पण वाकून बघा. तो उजेड व्हॉल्व्हचा नाही, सॉकेटच्या पोटात एक एलईडी बसवलाय. (हशा) हसू नका, बाजारातल्या पुष्कळ बोर्डांत असतो. व्हॉल्व्ह काढला तरी चमक राहते! माझा आक्षेप सजावटीला नाही. गणपतीला आपण रोषणाई करतोच. आक्षेप असा, की ऐकणारा डोळ्यांनी ऊब पाहतो आणि कानांनी ऐकली असं सांगतो.

या बोर्डात व्हॉल्व्हला २४ व्होल्ट मिळतात. १२एयू७ हा शंभर-दोनशे व्होल्टवर मोकळेपणी काम करणारा व्हॉल्व्ह. इथे तो अंग चोरून बसलाय. म्हणून आवाज वाढवला की भेसळ लवकर वाढते. ख्यालावर छान वाटलं, तारप्यावर नळ्या एकमेकींत मिसळल्या. हेडफोन ढकलण्याचं खरं काम मॉसफेट करतात. तेव्हा याला ‘प्युअर ट्यूब’ म्हणू नये, संकरित म्हणावं.

पण एक मोठा गुण सांगतो, जो करणाऱ्यानं स्वतःच सांगितला नाही. हे यंत्र आपल्याला मारू शकत नाही. २४ व्होल्ट. पहिल्यांदा सोल्डरिंग गन हातात धरणाऱ्या मुलानं इथूनच सुरुवात करावी. सगळे भाग मोठे, पाय आरपार घातलेले, जळलेला भाग डोळ्यांना दिसतो. दुरुस्ती शिकायला याच्यासारखी पाटी-पेन्सिल नाही. फक्त लावल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून मग हेडफोन जोडा, सुरुवातीचा धक्का कानांवर नको.

दुसरं यंत्र. हे या टेबलावरचं सगळ्यात महत्त्वाकांक्षी काम. पुढे १२एयू७, मागे ६०८०, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. परदेशात बॉटलहेडचा ‘क्रॅक’ नावाचा किट प्रसिद्ध आहे, त्याच घराण्यातला हा. ६०८० ची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. संगीताशी त्याचा काही संबंध नव्हता. स्थिर व्होल्टेज देणाऱ्या पॉवर सप्लायसाठी केलेला हा कामगार व्हॉल्व्ह. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, याचा अंतर्गत रोध फार कमी, साधारण २८० ओहम, तेव्हा हा हेडफोन थेट ओढू शकेल. एमआयडीसीतल्या फिटरला एकदम बैठकीत तंबोऱ्यावर बसवावं, आणि त्यानं तो बरा वाजवावा, तसं झालं.

आता हिशेब करू. अशा जोडणीत यंत्राचा बाहेर दिसणारा रोध येतो ९० ते १०० ओहम. सोयीसाठी १०० धरा. हेडफोन ३०० ओहमचा असेल तर व्होल्टेजचा तीन-चतुर्थांश भाग हेडफोनला मिळतो. ठीक. पण मोबाइलसोबत पूर्वी यायचा तसा ३२ ओहमचा लावला तर १३२ मधले ३२, म्हणजे जेमतेम पाव. बाकीचं यंत्रातच जिरलं. म्हणून या यंत्राला ३२ ओहमचा हेडफोन लावून ‘दम नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि आता ऊबेचा दुसरा अर्थ. हेडफोनवर ३०० ओहम लिहिलेलं असतं, पण तो आकडा सगळ्या सुरांना सारखा नसतो. काही नामांकित हेडफोनांत १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात जातो. मग तिथे यंत्र किती देतं? ६०० मधले ५००, म्हणजे ८३ टक्के. इतरत्र ७५. फरक साधारण ०.९ डेसिबल. खालच्या सुरांना जवळजवळ एक डेसिबलची उचल. कानाला जेमतेम कळेल एवढी, पण तासभर ऐकलं की ‘भरदार आहे बुवा’ असं वाटायला लावणारी. यात जादू कुठली? ओहमचा नियम आहे. साध्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला पुढे १०० ओहमचा रेझिस्टर जोडा, ही ऊब त्यालाही येईल. हे कळल्यानं माझा आनंद कमी होत नाही. उलट कुठली ऊब व्हॉल्व्हची आणि कुठली रेझिस्टरची हे कळलं, की पुढचं यंत्र करताना आपण निवड करू शकतो.

आवाजात हे यंत्र तिघांत पुढे आहे. तारपा स्वच्छ आला, दोन नळ्या दोन राहिल्या. आणि तरीही माझा सगळ्यात मोठा राग याच यंत्रावर आहे. कारण यात हम आहे. गुणगुण. मी विचारलं तर उत्तर आलं, ‘व्हॉल्व्ह आहे, चालायचंच.’

नाही चालायचं! ही गुणगुण मी ऐकली ती १०० हर्ट्झची. पुन्हा काळी एक घ्या. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, सुमारे १०४ हर्ट्झ. शेजारी यंत्राचे १०० हर्ट्झ. दर सेकंदाला चार वेळा दोघांची टक्कर होणार. म्हणजे गवयानं तासभर खपून तंबोरा जुळवला आणि आपल्या यंत्रानं त्याच्या शेजारी एक उतरलेली तार बांधून दिली. तुम्ही म्हणाल बारीक आहे. आलाप सुरू होण्याआधी तंबोऱ्याशिवाय काहीच नसतं. तिथे बारीक काही नसतं.

हम कुठून येतो हे शोधायची रीत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. ५० चा हम आला तर हीटरच्या तारा, अर्थिंगचं वेटोळं किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व तपासा. १०० चा आला तर रेक्टिफायरच्या पुढचा फिल्टर. व्हॉल्यूम शून्यावर नेला आणि हम गेला तर दोष इनपुटच्या बाजूला. नाही गेला तर पुढे. इथे तो फिल्टरचा निघाला. झाकण उघडलं तर फिल्टरचा कपॅसिटर कुठे? ६०८० ला चिकटून. त्या व्हॉल्व्हचा फक्त हीटर घेतो ६.३ व्होल्ट, २.५ अँपिअर, म्हणजे जवळजवळ १६ वॉट. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ओलसर द्रव असतो. दर १० अंश उष्णतेला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. करणाऱ्यांनी सांगितलं की दोनदा बदललाय. दोनदा बदलला, जागा मात्र तीच! चुलीला लागून लोण्याचं भांडं ठेवायचं आणि दर आठवड्याला लोणी वितळलं म्हणायचं.

याला मी दुरुस्ती म्हणत नाही. भाग बदलणं आणि दुरुस्त करणं यांत फरक आहे. तो भाग का गेला हे कळलं, ते कारण काढलं, तर दुरुस्ती. नाही तर आपण बिघाडाला हप्ता देतोय.

आणि एक गंभीर गोष्ट. या यंत्रात २०० व्होल्ट आहेत, २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, आणि त्यावर ब्लीडर रेझिस्टर नाही. हिशेब करा, ४.४ ज्यूल ऊर्जा. प्लग काढला तरी ती आत बसून राहते. घरातल्या कुणी झाकण उघडलं तर? एक लाख ओहमचा, एक वॉटचा रेझिस्टर कपॅसिटरला समांतर लावा. २२ सेकंदांचा कालांक येतो, दोन मिनिटांत व्होल्टेज एका व्होल्टच्या खाली उतरतं. रेझिस्टरला पडतात किती, दोन-चार रुपये. जे यंत्र आपण डोक्याला बांधून बसतो, त्यात हे नसणं हा मी सौंदर्याचाच दोष मानतो. भीत भीत ऐकलेल्या सुराला कसली ऊब?

तिसरं यंत्र. हे दिसायला सगळ्यात ओबडधोबड. दोन जुन्या रेडिओंचे भाग काढून केलंय. दोन ईएल८४, दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर. एका व्हॉल्व्हवर बीईएलचा पुसट शिक्का अजून आहे. आधी एक प्रश्न विचारावा लागतो, चालू रेडिओ मोडला का? करणाऱ्या काकांनी सांगितलं, दोन्हींच्या लाकडाला वाळवी लागली होती, एकाची आय. एफ. ट्रान्सफॉर्मरं गेली होती. मग ठीक. चालू स्थितीतला सेट केवळ ईएल८४ साठी फोडणाऱ्याला माझा विरोध आहे. मर्फीच्या जाहिरातीतला तो मुलगा बघतोय, एवढं लक्षात ठेवा. (हशा)

आवाज? स्पष्ट सांगतो, तिघांत तिसरा. ईएल८४ हा स्पीकरसाठी पाचेक वॉट देणारा व्हॉल्व्ह. हेडफोनला हवेत पाच मिलिवॉट. हजारपट ताकद. जिथे कुजबुज हवी तिथे लाउडस्पीकर आणलाय, त्यामुळे यंत्राचा स्वतःचा खरखराटही मोठा होतो. पुढे रेझिस्टरची विभागणी करून त्यांनी तो उतरवलाय, पूर्ण गेलेला नाही. दोन ट्रान्सफॉर्मर दोन वेगळ्या सेटमधले, म्हणून डाव्या कानाला खर्ज जास्त. तारपा डावीकडे झुकतो.

पण झाकण उघडल्यावर मी थांबलो. झाकणाच्या आत एक कागद चिकटवलाय. त्यावर हातानं काढलेली पूर्ण सर्किट. प्रत्येक व्हॉल्व्हच्या प्रत्येक पिनवर किती व्होल्ट यायला हवेत ते पेन्सिलीनं. खाली तारखा: कधी कुठला भाग बदलला, का बदलला, बदलण्याआधी किती व्होल्ट होते, नंतर किती. आत ब्लीडर आहे. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला कायमचा लोड रेझिस्टर आहे, म्हणजे हेडफोन उपटला तरी ट्रान्सफॉर्मर मोकळा पडत नाही. हीटरच्या तारा पिळलेल्या, कडेकडेनं नेलेल्या. सॉकेटच्या पिना स्वच्छ. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे. चिंचणी-तारापूरची खारी हवा आणि कारखान्यांची वाफ, पिना काळ्या पडायला वेळ लागत नाही. एका कानाचा आवाज गेला की लोक नवा व्हॉल्व्ह मागवतात, आणि दोष सॉकेटच्या काळ्या पिनेत असतो.

तर निकाल. ऐकायला दुसरं यंत्र घेईन. पण काम म्हणून, कृती म्हणून, मी तिसऱ्याला पहिला नंबर देतो. त्याचे दोष एका संध्याकाळी निघण्यासारखे आहेत, आणि ते काढायला काका घरी असायलाच हवेत असं नाही. तो कागद वाचून कुणीही काढील. दुसऱ्या यंत्राचा करणारा उद्या बदली होऊन गेला तर ते यंत्र मुकं होणार, कारण त्याची सर्किट फक्त त्याच्या डोक्यात आहे.

इथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी केंद्रात नाही तर एमआयडीसीत आयुष्य काढलंय. पाळी संपली आणि लॉगबुक न भरता तुम्ही कधी गेट ओलांडलंत का? एका व्हॉल्व्हचं तापमान, एका पंपाचा आवाज, सगळं पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायची सवय तुमच्या हाडात आहे. मग घरी आल्यावर स्वतःच्या यंत्राला ती का मिळू नये? जुन्या रेडिओंच्या मागच्या पुठ्ठ्यावर पुष्कळदा व्हॉल्व्हच्या जागा दाखवणारा कागद असायचा. कंपनीला माहीत होतं की हा सेट कधीतरी अनोळखी माणूस उघडणार आहे. तो अनोळखी माणूस गृहीत धरून केलेली वस्तू टिकते. आज दुकानात मिळणारी बहुतेक वस्तू त्याला दारातच अडवते, झाकण चिकटवून टाकते. घरी केलेल्या व्हॉल्व्हच्या यंत्राचं मोल मला ऊबेपेक्षा यात जास्त वाटतं, की ते उघडता येतं, वाचता येतं. आणि आपणच ते वाचता येणार नाही असं केलं, तर उरतो फक्त उजेड. तोही कधी कधी एलईडीचा.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, जुन्या रेडिओचे भाग वापरायचे तर कुठल्या सेटला हात लावू नये?

उत्तर: फार महत्त्वाचं विचारलंत. व्हॉल्व्हच्या नावाची सुरुवात ‘यू’नं होत असेल, यूसीएच, यूबीएफ, यूएल, यूवाय, तर सावध. हे एसी-डीसी सेट. यांच्यात बहुधा पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो, हीटर एकापुढे एक ओळीत जोडून थेट लाइनवर. चॅसिसचा पत्राच जिवंत असू शकतो. लाकडी खोक्यात, प्लॅस्टिकच्या बटणांमागे तो चालून जायचा. त्याला हेडफोनचा धातूचा जॅक लावाल तर २३० व्होल्ट कानाशी येतील. असं चॅसिस हेडफोनसाठी वापरूच नका. ‘ई’नं सुरू होणारे, ईसीएच, ईबीएफ, ईएल, यांच्यातही ट्रान्सफॉर्मर आहे की नाही हे मीटरनं बघा, नावावर जाऊ नका. आणि घरच्या प्लगला तिसरी पिन खरोखर अर्थला जोडलेली आहे का, तेही.

प्रश्न: ट्रान्सफॉर्मर इथे बांधून मिळेल का, की लॅमिंग्टन रोडच?

उत्तर: लॅमिंग्टन रोडला जरूर जा, पण पॉवर ट्रान्सफॉर्मर मोटार रिवाइंडिंगवाला चांगला बांधून देऊ शकतो. त्याला व्होल्ट, अँपिअर लिहून द्या, आणि दोन वेटोळ्यांमधलं इन्सुलेशन चाचणी करून घ्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर वेगळा. त्यात दोन्ही बाजूंचे थर आलटूनपालटून गुंडाळावे लागतात, नाही तर वरचे सूर मरतात. नुसतं ‘असाच दुसरा करून द्या’ म्हणू नका, आकृती काढून द्या. आणि दोन्ही कानांचे एकाच वेळी, एकाच हाताकडून बांधून घ्या.

प्रश्न: तुम्ही इतके हिशेब सांगितलेत. मग ऐकण्याची मजा राहते का?

उत्तर: तंबोरा जुळवताना जवारीचा दोरा केसभर सरकवणारा माणूस हिशेबच करत असतो, आणि त्याच्याइतकी मजा सभागृहात कुणाला येत नाही. पुढच्या वेळी या दुसऱ्या यंत्राचा कपॅसिटर हलवून, ब्लीडर लावून आणि कागद चिकटवून आणा. आधी तंबोरा ऐकू, मग तारपा.